रेडेवाल्याचा शनिवार

लढाई सुरू झाली, पेट्रोल मिळेनासं झालं आणि बंगल्यातलं गवत कापायचं यंत्र शेडमध्ये उभं राहिलं. रेडेवाल्याचा शनिवार मात्र चुकला नाही. पुढची तीन वर्षं त्यानं त्या मुक्या यंत्राची जी सेवा केली, ती बघून मी चक्रावून जात असे.

सापगावजवळ नदीकाठी मुंबईच्या एका शेटजींचा बंगला होता आणि मी तिथला दिवाणजी. शेटजींनी परदेशातून हे यंत्र आणवलं होतं. वर बसून ते चालवायचं. सुरू झालं की असं डुरकायचं, की गावानं त्याचं नाव रेडा ठेवलं आणि ते चालवणारा डोळखांबकडचा माणूस आपोआप रेडेवाला झाला.

शनिवारी सकाळी तो साखळी पुसून तिला खुरासणीचं तेल द्यायचा, नट आवळायचा, प्लग काढून घासायचा आणि मोजून दहा वेळा हँडल फिरवायचा. "अरे, चालतच नाही, तर तेल कशाला?" मी वैतागून विचारी.

"दिवानजी, पेट्रोल आज नाय, उंद्या येल. तवा यो गंजला असला तं कोन जबाबदार? तुमी?"

वेडा तो की मी, हेच समजत नसे.

पात्यांची धार तो कागदावर तपासायचा. कागद म्हणजे माझं वर्तमानपत्र. लढाई कुठवर आली हे मला पट्ट्या जुळवून वाचावं लागे. ओरडलो तर म्हणायचा, "कापला बघा कसा सरल!"

मग शेटजींचं पत्र आलं. लोखंडाला मागणी आहे, यंत्र भंगारात द्या, माणसाला झाडांना पाणी घालायला ठेवा. पत्र खिशात घालून मी दोन दिवस नुसता येरझारा घालत होतो. शेवटी खरं सांगायचा धीर झाला नाही आणि सांगून टाकलं, "रेडा मुरबाडकडे दुसऱ्या बंगल्यावर चाललाय."

"तुमी सांगतां, तं तसाच असल," तो म्हणाला आणि कामाला लागला. ट्रक आला तेव्हा रेडा लखलखत होता. पात्यांवर त्यानं गोणपाट घट्ट बांधलं होतं. "उतरवताना कोनाचा हात कापाया नको," त्यानं ड्रायव्हरला बजावलं. ड्रायव्हर हसला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

शनिवारी तो माझ्यासमोर येऊन बसला. "तिकडचा मानूस नवा असल. त्याला पत्र लिवा." मी लिहू लागलो. साखळीला तेल किती, नट कुठला आधी, प्लग कसा घासायचा. "आनि लिवा, पयल्या हँडलला चालू नाय झाला तं शिव्या देव नका. सकालचा जरा अडतो." दोन पानं भरली. त्यानं ती माझ्याकडून वाचून घेतली, एक चूक सुधारायला लावली आणि घडी करून माझ्याच हातात दिली.

"तुमच्याजवलच ठेवा, दिवानजी. पत्ता तुमाला मिलाचा नाय."

उठून तो झाडांना पाणी घालायला गेला. त्याला सगळं पहिल्यापासून ठाऊक होतं. मग हे पत्र त्यानं मला शिक्षा म्हणून लिहायला लावलं की माझी सुटका करायला, ते मला आजही कळलेलं नाही.