पुसलेला ठिपका

हे मी आजवर कोणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, जवळच्या मैत्रिणीला नाही, आणि ज्यांना सांगायला हवं होतं त्यांना तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण शनिवारी मला हेच तोंडाने बोलायचं आहे — आणि मी चारचौघांत बोलायला घाबरणारी बाई आहे. आधी लिहून काढलं तर ऐन वेळी शब्द पळून जाणार नाहीत, असं वाटतं.

मराठीत लिहिते आहे, त्यालाही कारण आहे. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकले, अजूनही स्वतःशी भांडते ती इंग्रजीत. पण इंग्रजीत लिहायला बसले की दर वेळी एक नीटनेटका इन्सिडेंट रिपोर्ट तयार होतो. सेल फेल झाला, डिव्हाइस गरम झालं, हाताला इजा झाली. सगळं आपोआप. कोणीच काही केलेलं नसतं.

केलेलं होतं. मी केलं होतं.

२००८ साल. मी न्यू जर्सीतल्या पिस्कॅटवेत एमएस करत होते, आणि युनिव्हर्सिटीच्या एका लॅबमध्ये माझं काम रिचार्जेबल सेलचं — चार्ज करायचे, रिकामे करायचे, पुन्हा चार्ज करायचे, कोणता किती थकला ते बघायचं. राहायला जयंतकाकांच्या घरी, बेसमेंटमधल्या खोलीत. काका बाबांचे कॉलेजातले मित्र. त्यांच्या हृदयात आदल्याच वर्षी स्टेंट बसवला होता आणि डॉक्टरांनी सिगारेट बंद केली होती. लवंग झाली, वेलदोडे झाले, निकोटीनचं च्युइंगगम झालं. मग त्यांना कुठूनतरी इलेक्ट्रॉनिक सिगारेटचा शोध लागला. तेव्हा ती नवीनच होती. पेनासारखी नळी, आणि कॉफी संपायच्या आत तिचा जीव संपायचा.

शुभाकाकूंची हरकत नव्हती. "घरात वास येत नाही ना? मग काढू दे वाफ," म्हणायच्या. "कुकरसुद्धा काढतो."

पण काकांना ती मिणमिणती वाफ पुरेना. त्या काळी काही हौशी लोक फ्लॅशलाइटच्या धातूच्या नळीत दोन सेल एकावर एक घालून जास्त ताकदीचं यंत्र घरीच बनवत. काकांनी आणि निखिलने तेच ठरवलं. निखिल त्यांचा मुलगा, जर्सीतच जन्मलेला, नुकताच कॉलेज संपवून घरी आलेला. मराठी मंडळाच्या नाटकांची प्रकाशयोजना हे दोघं मिळून करायचे, आणि गॅरेजमध्ये कायम वायरींचा पसारा असायचा. काका मराठीत ओरडायचे, निखिल इंग्रजीत उलट उत्तर द्यायचा, आणि शेवटी दिवा लागायचा. मी दारात उभी राहून बघायचे. मला ते दोघं फार आवडायचे — हे मुद्दाम सांगते आहे. माझा कोणावर राग नव्हता.

"अगं बॅटरीवाली," काका म्हणाले, "सेल तू निवडायचेस. तू म्हणशील ते."

मंडळाच्या कार्यक्रमांत कागदी प्लेट घेऊन कोपऱ्यात बसणारी मुलगी मी. त्या दिवशी मात्र गॅरेजमध्ये मी एकटीच बोलत होते. सेलवर मोठ्ठ्या अक्षरांत काय छापलंय ते बघू नका, बनवणारा सलग किती करंट द्यायची हमी देतो ते बघा. वेष्टण फाटलं असेल तर सेल वापरायचा नाही. सुटा सेल किल्ल्यांबरोबर खिशात नाही. चार्जरला लावून बाहेर जायचं नाही. नळी हाताला गरम लागली की थांबायचं. नळी बंदिस्त ठेवायची नाही. सेल बिघडला तर आतला वायू बाहेर पडायला खाली भोकं हवीत. आणि सगळ्यात महत्त्वाचं — दोन सेल ही जोडी असते. एकाच वेळी आणलेले, एकत्र चार्ज केलेले, एकत्र वापरलेले. एक थकला तर दोघांनाही निवृत्त करायचं. थकलेला सेल नव्याच्या बरोबरीने पळू शकत नाही. तो आधी रिकामा होतो, आणि नवा त्याला तसाच पुढे रेटत राहतो. मग तो तापतो.

निखिलने लगेच ड्रिल काढलं आणि नळीच्या बुडाशी भोकं पाडली.

"एवढी छान नळी," काका करवादले, "चाळणी केलीस!"

"शी सेड सो, बाबा."

आमच्या लॅबमध्ये थकलेल्या सेलवर नेलपॉलिशचा मरून रंगाचा ठिपका लावायची पद्धत होती. ठिपका दिसला की तो सेल जोडीत घालायचा नाही. मी काकांना तेही सांगितलं. ते हसून म्हणाले, "मग मलाही लाव एक, कपाळावर."

सेल मी मागवले, माझ्याच नावावर. पाकीट आलं तेव्हा घरात मी एकटी होते.

त्याच आठवड्यात माझ्या सायकलचा दिवा मरायला टेकला होता. त्यात तसाच एक सेल लागायचा. माझा जुना होता; लॅबमधून आणलेला, ठिपकेवाला. एकट्याने मंद दिवा लावायला चालायचा, तोही आता चालेना. लॅबमधून घरी येण्याचा रस्ता अरुंद, कडेला पाऊल ठेवायला जागा नाही, आणि मागून गाड्या. मी निखिलला म्हणू शकले असते, न्यायला ये. काकांना म्हणू शकले असते, एक सेल आठवडाभर मला द्या. मी म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मग काकू हातातलं टाकून गाडी काढणार, मी उपकाराखाली त्यांच्या शेजारी बसणार, काहीतरी बोलायला शोधणार — ते मला नको होतं. याला मी वर्षानुवर्षं लाजाळूपणा म्हणत आले. आता वाटतं, त्यात बराचसा ताठा होता.

आमच्या नागपूरच्या घरी टीव्हीचा रिमोट चालेनासा झाला की आधी त्याला चापट. मग सेल काढून तळहातावर चोळायचे, गच्चीच्या कठड्यावर उन्हात ठेवायचे. तरीही नाही चाललं तर एकच सेल बदलायचा. "दुसऱ्यात अजून जीव आहे," बाबा म्हणायचे. दोन्ही बदलले असं आमच्याकडे कधी झालंच नाही. ती सवय माझ्या हातात होती. पण हातात असणं म्हणजे काय? रिमोटचा सेल आणि हा सेल यांतला फरक मला माहीत होता. मीच तर तो शिकवला होता.

मी नव्या जोडीतला एक सेल माझ्या दिव्यात घातला. जुना चार्ज केला आणि मीटर लावून बघितला. नव्याइतकाच आकडा. दिसणारच होता! भरलेला जुना सेल बसल्या जागी नव्यासारखाच दिसतो. काम सांगितलं की ढेपाळतो. मी दिवसभर त्याचेच तर आलेख काढत असे. तरीही त्या आकड्याकडे बघून मी स्वतःला म्हटलं — सारखेच आहेत. आठवड्याभराचा प्रश्न. दुसरी जोडी मागवू आणि गुपचूप बदलून टाकू.

इथपर्यंत मी स्वतःला पुष्कळदा माफ केलं आहे. घाई होती, सवय होती, वय लहान होतं. पण यापुढे एक गोष्ट आहे, आणि तिच्याभोवती मी गेला तासभर घुटमळते आहे.

मी कापसाच्या बोळ्यावर रिमूव्हर घेतलं आणि ठिपका पुसला.

ज्याला ठाऊक नसतं तो पुसत नाही. मला ठाऊक होतं की हा सेल त्या नळीत जाऊ नये. काकांना ठिपक्याचा अर्थ कळतो, हेही ठाऊक होतं. म्हणूनच पुसला. मग दोन्ही सेल डबीत घालून काकांच्या हातात दिले. "बघ, कशी जुळी भावंडं!" काका खूश होऊन म्हणाले, आणि मी हसले.

दुसरी जोडी मी मागवली नाही. दिवा छान चालत होता, काकांची वाफ छान चालत होती. उद्या, उद्या करत राहिले.

मग एका शनिवारी दुपारी मी स्वयंपाकघरात काकूंना मटार सोलून देत होते. काका गॅरेजमध्ये निखिलशी कुठल्याशा वायरीवरून वाद घालत होते. एकदम फुस्स असा मोठा आवाज आला. काकू सवयीने शेगडीकडे वळल्या. शेगडीवर कुकर नव्हता.

पुढचा आवाज काकांचा होता.

नळीच्या बुडाच्या भोकांमधून आग बाहेर आली होती, आणि त्या भोकांवर काकांचा तळहात होता. निखिलने नळी फटक्यात दूर उडवली, त्यांचा हात नळाखाली धरला, गाडी काढली. मी? मी मटाराचं भांडं हातात घेऊन उभी होते.

दुसऱ्या दिवशी काकांचा हात बँडेजमध्ये, आणि आम्ही चौघं जेवायच्या टेबलाशी. काकांनी दोन्ही सेल प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्यासमोर ठेवले. एक काळाठिक्कर, दुसरा जवळजवळ धड. काळा कोणता, हे मला बघावंसुद्धा लागलं नाही.

"तुझा तो स्वस्तातला चार्जर," काका निखिलला म्हणाले. चार्जर त्याने आणला होता.

"आय टेस्टेड इट, बाबा. इट वॉज फाइन."

"फाइन म्हणे! हात बघ माझा. तू सांग गं, तू बॅटरीवाली. काय झालं असेल?"

तिघं माझ्याकडे बघत होते. निखिल सगळ्यात जास्त विश्वासाने. मी इंग्रजीत म्हणाले, "इट कुड बी द चार्जर."

कुड बी. किती सोयीचे शब्द! निखिलने स्वतःच्या तपासणीपेक्षा माझ्यावर जास्त विश्वास ठेवला. उठला, भिंतीतल्या प्लगमधून चार्जर काढला आणि कचऱ्यात टाकला. फार हळू ठेवला तो — आपटला असता तर मला बरं वाटलं असतं.

ती पिशवी मी "लॅबमध्ये बघते" म्हणून नेली आणि खराब सेलच्या डब्यात टाकून दिली. त्या सेमिस्टरभर काकांच्या नव्या सेलच्या उजेडात सुखरूप घरी येत राहिले.

काकांच्या उजव्या हाताची दोन बोटं पुन्हा नीट मिटली नाहीत. स्क्रूड्रायव्हर निसटतो. मंडळाच्या नाटकाच्या वेळी निखिलने एकदा विचारलं, वायर मी लावू का? काका म्हणाले, "तू नको. तू राहू दे." ते मी ऐकलं. मी तिथेच होते. निखिलने डब्लिनमध्ये, ओहायोत, नोकरी घेतली. दिवाळीला येतो, पण गॅरेजमध्ये पाऊल टाकत नाही. "दोघं हवामानाबद्दल बोलतात गं," काकू फोनवर सांगतात. आणि काका दर फोनला मला म्हणतात, "तू होतीस म्हणून कळलं. नाहीतर त्या चार्जरने घर पेटवलं असतं."

मी "हो काका" म्हणते. दर वेळी.

आता मी व्हर्जिनियातल्या अ‍ॅशबर्नला असते. डेटा सेंटरमधल्या बॅकअप बॅटऱ्या तपासणं माझं काम. एक थकली तर तिच्याबरोबरच्या सगळ्या बदला, असं मी ठणकावून सांगते, आणि माझ्या कडकपणाचं ऑफिसात कौतुक होतं. ते ऐकून घरी येते आणि जेवण जात नाही.

मागच्या महिन्यात काकू म्हणाल्या, निखिल घरातल्या स्मोक अलार्मचा सेल बदलायलाही माणूस बोलावतो. म्हणतो, मी नको हात लावायला.

फोन ठेवला आणि मला ती भोकं आठवली.

नळी तोंडाशी होती. भोकं नसती तर ती हातात नाही, काकांच्या चेहऱ्यावर फुटली असती. मी फक्त सांगितलं होतं. काका कुरकुरत असतानाही ड्रिल हातात धरणारा निखिल होता. बापाला वाचवणारा मुलगा इतकी वर्षं बापाला भाजणारा म्हणून जगतो आहे. हे मला त्या रविवारी, टेबलाशी बसल्या बसल्या, कळलं होतं. आज नाही कळलेलं.

शनिवारी काकांचा वाढदिवस आहे. निखिल आदल्या दिवशीच येणार आहे. पाहुणे दुपारी यायचे आहेत. मी सकाळीच पोचणार आहे, घरात ते तिघंच असताना. फोनवर नाही, ईमेलवर नाही. त्याच टेबलाशी. आधी मराठीत सांगेन. मग निखिलसाठी इंग्रजीत — पण "कुड बी" न म्हणता. चार्जर चांगला होता. तुझी तपासणी बरोबर होती. भोकं तू पाडलीस.

काकांचा नवा सेल अजून माझ्याकडे आहे. सायकल गेली, दिवा गेला, तो मी टाकला नाही. दोन्ही टोकांना चिकटपट्टी लावून डबीत ठेवला आहे, सुटा सेल नेताना ठेवतात तसा.

तो मी काकांच्या पुढ्यात ठेवीन. ते विचारतील, हा कसला?

मी म्हणेन — हा तुमचा, काका. मी घेतला होता. माझा थकलेला तुम्हाला दिला, आणि त्याचा ठिपका पुसला.