जयवंताचा खराटा

जयवंताच्या गळ्यात मंगळसूत्रासोबत फाटकाची किल्ली असते. दोन्ही याच जन्मापुरती बरं का, असं ती म्हणते आणि समोरचा हसायच्या आत स्वतःच हसून मोकळी होते.

कर्जतहून कोंडाण्याकडे जाणाऱ्या रस्त्याला उंच भिंतीचा एक बंगला लागतो, त्याची ती राखणदार. कागदावर राखणदार म्हणून तिच्या नवऱ्याचं, दत्ताचं नाव आहे. पण रसायनीला एका कारखान्यात अठरा वर्षं पोती वाहून दत्ताच्या छातीचा भाता झालाय. चार पावलं भरभर चालला तरी टेकायला जागा शोधतो. म्हणून झाडांना पाणी आणि पंपाचं बटण एवढंच त्याच्याकडे, बाकी सगळा बंगला जयवंताच्या अंगावर.

मालकीण सुरभी मॅडम मुंबईला असतात. महिन्यातून एखाद्या शनिवारी त्या येतात आणि उरलेले दिवस भिंतीवर असतात. म्हणजे असं, की बंगल्याच्या चार कोपऱ्यांना चार कॅमेरे आहेत आणि त्यांतून नुसतं दिसतच नाही, बोलताही येतं. जयवंता पायरीवर वाल सोलत बसलेली असते आणि डोक्यावरून आवाज येतो, मागचा नळ चालू राहिलाय. पहिल्यांदा तिने ताटासकट वाल उधळले होते. आता ती मान वर न करता "व्हय म्याडम" म्हणते आणि उठते. बाई वाईट नाहीत, हे इथेच सांगून टाकलेलं बरं. पगार वेळेवर, दिवाळीला साडी, दत्ताच्या औषधांची आपणहून चौकशी. वाईट असत्या तर निदान मनातल्या मनात शिव्या तरी घालता आल्या असत्या.

अट एकच, बंगला रिकामा राहता कामा नये. त्यामुळे नवराबायको जोडीने कुठे जाऊच शकत नाहीत, आणि दत्ताला एकट्याला टाकून जयवंताचा पाय निघत नाही. मागे खालापूरला बहिणीच्या मुलाची हळद होती. जयवंता गेली, हळद लावली, पंगतीत बसली, पहिला घास घेतला आणि फोन वाजला. लाइट जाऊन परत आली होती, टाकी भरायची राहिली होती आणि दत्ताला धाप लागून उठवत नव्हतं. तशीच उठली, रिक्षा बदलत परत आली, आणि पिवळ्या हातांनीच तिने पंप सुरू केला. तीन वर्षांत ती दुसऱ्या कुठल्या छपराखाली झोपलेली नाही.

आणखी एक गोष्ट आहे, ती गावात सगळ्यांना ठाऊक आहे आणि बंगल्यात कुणी काढत नाही. ही जमीन यांचीच. जयवंताचे सासरे आबाजी यांनी भावाभावांच्या वाटण्या झाल्या तेव्हा ती विकली. भाताची चार खाचरं होती. जयवंता लग्न होऊन आली ती पहिल्याच पावसाळ्यात गुडघाभर चिखलात उतरली आणि पुढची अकरा वर्षं तिने इथेच लावणी केली. मग भर पडली, जमीन सपाट झाली, वर तांबडा मुरूम पसरला आणि शेताचं अंगण झालं; कडेची जांभळ, आंबा आणि कोपऱ्यातला उंबर तेवढे राहिले. नव्या मालकांना गावातलं विश्वासू माणूस हवं होतं. जागेची खडान्‌खडा माहिती असलेलं यांच्यापेक्षा दुसरं कोण मिळणार?

तर हे अंगण रोज झाडायचं. साग मॅडमना आवडतात आणि सागाची पानं पडायला लागली की थांबत नाहीत. पहिलं वर्षभर जयवंता कुणीही झाडेल तशीच झाडत होती. मग एका सकाळी कंबर धरली म्हणून ती मध्येच थांबली, मागे वळून पाहिलं, तर मुरमावर खराट्याच्या काड्यांचे बारीक फराटे उठले होते, एकामागून एक, विंचरलेल्या केसांसारखे. तिला ते आवडलं. एवढंच झालं, पण दुसऱ्या दिवशी तिने एक तुकडा उभा झाडला आणि त्याच्या शेजारचा आडवा. तिसऱ्या दिवशी दोन तुकड्यांच्या मध्ये मातीची एक बारीक उंचवट्याची रेघ ठेवली. स्वतःची पावलं उमटू नयेत म्हणून ती उलटी चालायला शिकली. सगळं झाडून झालं की चहा घेऊन पायरीवर बसायची. डोंगराआडून ऊन तिरपं यायचं आणि एकेक फराटा उठून दिसायचा. तेवढा पाव तास जयवंता कुणाची नोकर नव्हती, कुणाची बायको नव्हती आणि तिच्या गळ्यातली किल्लीसुद्धा तिला जाणवत नव्हती.

पुढे तिला नादच लागला. भाकरी थापताना पिठावर उठलेले बोटांचे वण पाहून तिला दुसऱ्या दिवशीची ओळ सुचायची. वाळत घातलेल्या साडीच्या चुण्या पाहून एक वळण सुचलं. भांडी घासताना ती स्वतःशीच हसायची, तेव्हा दत्ता विचारायचा, काय झालं गं. काही नाही, म्हणायची. सांगण्यासारखं होतं तरी काय? दुपारपर्यंत एखादं कुत्रं त्यावरून धावायचं, वारा पानं आणून टाकायचा, आणि अंगण पुन्हा होतं तसं व्हायचं. तिला त्याचं वाईट वाटत नसे. उद्याची सकाळ होतीच.

दत्ताचं मात्र एक होतं. पंपापासून झाडांपर्यंत सरळ वाट असताना हा बाबा पाण्याचा पाइप ओढत भिंतीकडून वळसा घालून यायचा, मध्ये दोनदा दम खायचा. सरळ यायला काय होतं, धाप लागते ना, म्हणून जयवंता करवादायची. तो दुसऱ्या दिवशी पुन्हा वळशानेच यायचा. पुरुषाच्या जातीला काही समजावणं तिने केव्हाच सोडून दिलं होतं.

कॅमेरे चोरांसाठी असतात, मातीकडे कोण बघणार, अशी जयवंताची समजूत होती. माघात एका सकाळी आंब्याकडच्या कॅमेऱ्यातून आवाज आला, जयवंता, अंगणात ते काय केलंयस? झाडलंय म्याडम, एवढंच ती कसंबसं बोलली. पण मॅडम खूश होत्या. वरून फार सुंदर दिसतंय म्हणाल्या, फोटो काढून मैत्रिणींना पाठवला म्हणाल्या. येत्या शनिवारी पाहुणे येणार होते, त्यांच्यासाठी अगदी असंच करून ठेव, असंही म्हणाल्या.

तो दिवसभर जयवंता हवेत होती, खोटं कशाला सांगा. आपलं काहीतरी कुणाला तरी आवडलं, हे तिच्या आयुष्यात फार वेळा घडलेलं नव्हतं. पण शनिवारी सकाळी खराटा हातात घेतला आणि हात चालेना. कालपर्यंत जे आपसूक व्हायचं ते आज काम झालं होतं. काल इथे वळवलं होतं की पुढे? असंच म्हणजे कसं? वर कॅमेऱ्याचा डोळा होता आणि आज पहिल्यांदाच ती त्याच्यासाठी झाडत होती. शेवटी तिने विचार करणं सोडलं, पदर खोचला आणि नुसतं झाडत सुटली.

पाहुणे आले, गच्चीवर चढले, फोटो काढले. मग एक बाई पांढऱ्या बुटांनी खाली उतरल्या आणि जवळून बघायला म्हणून सरळ अंगणाच्या मधोमध चालत निघाल्या. जयवंता पोह्यांच्या बशा घेऊन पायरीवर आली होती. तिच्या तोंडून भसकन निघून गेलं.

"अवो ताई, राबात पाय नका घालू. बांधावरनं चाला."

सगळे थबकले. राब म्हणजे भाताची रोपं वाढवतात तो तुकडा, हे त्यातल्या कुणाला ठाऊक असणार? बाई एक पाय उचलून तशाच उभ्या राहिल्या. आणि जयवंताने, बशा हातात धरून, आपण काय झाडलंय ते पहिल्यांदा पाहिलं. जांभळीकडचं ते लांब खाचर. त्याच्या पलीकडचं वाकडं. तिसरं पाणथळ. आणि कोपऱ्यातल्या उंबराखाली राबाचा तो लहान तुकडा, शेजारी बांधाला ठेवलेल्या तोंडासकट, जिथून जादा पाणी बाहेर सोडायचे. तिने नक्षी म्हणून ठेवलेल्या रेघा सगळ्या बांधाच्या होत्या. डोकं विसरलं होतं, हात विसरले नव्हते.

"आमची शेतं व्हती हितं, म्याडम," दत्ता पाइप खाली ठेवत म्हणाला.

पाहुण्यांना ते फारच गोड वाटलं. मॅडमही हसल्या, पण जरा उशिरा. त्यानंतर आठ दिवस भिंतीवरून आवाज आला नाही. आला तो असा, की अंगणात पेव्हर ब्लॉक बसवायचं ठरलंय, घरात माती येते, आणि तुझाही रोजचा त्रास वाचेल. मॅडमना खरंच मातीचा कंटाळा आला होता, की आपल्या अंगणात दुसऱ्याची शेतं दिसायला लागली म्हणून त्या धास्तावल्या होत्या, ते जयवंताला शेवटपर्यंत कळलं नाही. व्हय म्याडम, ती म्हणाली आणि आत जाऊन तिने उगाचच सगळे डबे पुसून काढले. तिला रडू येत होतं आणि रडायचं कशासाठी हे कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं. माती गेली म्हणून कुणी रडतं का?

"माज्याच तोंडानं घात केला," ती दत्ताला म्हणाली. "गप ऱ्हायले असते तर कुनाला कळलं असतं?"

"मला पयल्या दिसापास्नं दिसत व्हतं गं," तो म्हणाला. "म्हनून तर वळसा घालून यायचो. बांधावरनं."

जयवंता त्याच्याकडे बघतच राहिली. एवढे महिने ती त्याला करवादत होती आणि हा धाप लागलेला माणूस रोज तिच्या बांधांवरून चालत होता.

ब्लॉकचा टेंपो आला, त्याच्यासोबत कान्हा गवंडी आला. त्याने सगळीकडे दोरी लावून पाहिली आणि उतार कुठे काढायचा म्हणून मॅडमना फोन लावला. जयवंताला विचार, तिला त्या जागेची माहिती आहे, असं मॅडमनी सांगितलं.

"वैनी, पानी कुठं सोडू?" कान्हाने विचारलं.

जयवंताने एकदा वर कॅमेऱ्याकडे पाहिलं. मग खराटा उचलला. जांभळीपासून तिने एक रेघ ओढली, लांब खाचराच्या कडेने नेली, वाकड्याशी वळवली, आणि उंबराखाली, जिथे तोंड होतं, तिथे बाहेर काढली. हिकडनं जाऊ दे, म्हणाली, पाण्याला ही वाट ठाऊक हाय. कान्हाने वाद घातला नाही. तिच्या रेघेवर दोरी बांधली आणि उतार धरला. पाच दिवसांत तांबडं अंगण करडं झालं.

आता ब्लॉक रोज धुवावे लागतात, म्हणजे वाचलेला त्रास दुसऱ्या दाराने परत आलाच. दुपारी ते असे तापतात की अनवाणी पाय ठेववत नाही. खराटा मागच्या पडवीत टांगलेला आहे. तो दिसला की अजूनही जयवंताच्या हाताला काहीतरी व्हायला होतं. किल्ली गळ्यात आहे, कॅमेरे जागच्या जागी आहेत, बंगला रिकामा राहता कामा नये.

ब्लॉक बसल्यानंतरच्या पहिल्या सकाळी तिने जांभळीशी उभं राहून पाइप सोडला होता. पाणी आधी घुटमळलं, मग कडेकडेने निघालं, वाकड्याशी वळलं आणि उंबराखाली बाहेर पडलं. करड्या ब्लॉकवर त्याची काळपट ओल उठली. ऊन चढेपर्यंत टिकेल एवढीच. जयवंता पाइप धरून बघत राहिली.

"जयवंता, किती वेळ धुतेस?" भिंतीवरून आवाज आला.

"व्हतंय म्याडम."

तेवढ्यात दत्ता दोन कप चहा घेऊन घरातून बाहेर आला. अंगण सरळ ओलांडलं असतं तर दहा पावलांत तिच्याजवळ पोचला असता. तो ओल्या रेघेच्या कडेने निघाला, वळणाशी दम खायला थांबला आणि चहा सांडू न देता तसाच कडेकडेने येत राहिला.