कमानीखाली उभा राहणारा गवंडी

आमच्या कडेगावचा एक गवंडी कुठल्याच देवाला हात जोडायचा न्हाई. पण कामाला ज्या गावात जाईल तिथं जुनं चर्च असलं तर बघूनच यायचा, अन् आत शिरताना चपला काढायचा. मी हसलो की म्हणायचा, "देवासाठी न्हाई तात्या, कमान बांधणाऱ्यासाठी."

दुष्काळाच्या पुढल्या साली सांगलीकडच्या एका चर्चची कमान खचली. सगळे म्हणाले, पाडा. यानं लाकडी टेकू देऊन चिरे पुन्हा बसवले. टेकू काढायच्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेलो, तर हा नेमका कमानीखाली उभा.

"बाजूला हो रं, मरशील!"

"आवं, मीच भ्यालो तर लोक खालनं कसे जातील?"

टेकू निघाला. खडासुद्धा पडला न्हाई.

मी कुणापुढं वाकणारा माणूस न्हाई. पण त्या दिवशी आत गेलो, ते चपला काढून.