नवमीला न उचललेलं अवजार

दोन वर्षं मी कोराडीच्या देवळासमोरून ट्रक नेत होतो आणि एकदाही हात जोडले नाहीत. दुःखात माणूस देवाकडे वळतो म्हणतात. माझं उलटंच झालं. देवीचा मान राखायला गेलो आणि भाऊ गमावला, एवढंच मी धरून बसलो होतो.

थोरला भाऊ कोराडीच्या वीज केंद्रातल्या राखेचा ट्रक चालवायचा. पुढच्या चाकांच्या बेरिंगमध्ये ग्रीस भरायला त्यानं घरीच एक अवजार केलं होतं. दोन जाड तबकड्या, मधून पोकळ बोल्ट, बोल्टच्या टोकाला ग्रीसगन जोडायची निप्पल. बेरिंग तबकड्यांमध्ये आवळून गन दाबली की जुनं काळं ग्रीस बाहेर येतं आणि नवं आत शिरतं. तळहातावर थापत बसायची गरज नाही. वरच्या तबकडीवर त्यानं छिन्नीनं वाकडातिकडा त्रिशूळ कोरला होता. त्याला त्याचं भारी कौतुक, आम्ही हसायचो.

दोन वर्षांपूर्वीच्या खांडे नवमीला मी ट्रक धुतला, अवजारं पुसून पाटावर मांडली, हळदकुंकू वाहिलं. त्यात तेही होतं. संध्याकाळी भाऊ म्हणाला, "डावं चाक आठ दिवसांपासून घरघरून राहिलं. ग्रीस भरून ठेवजो, मी सकाळी निघतो." मी हो म्हटलं. पण पूजेतलं अवजार दसरा झाल्याशिवाय उचलायचं नाही, ही घरची रीत. हातानं भरता आलं असतं, पण कंटाळा केला. दसऱ्याच्या सकाळी कोराडी रोडवर बेरिंग जाम झालं, चाक निखळलं आणि ट्रक नाल्यात गेला. भाऊ जागीच गेला.

पुढे तोच ट्रक दुरुस्त करून मी चालवू लागलो. अवजार पाटासकट माळ्यावर टाकलं. वहिनीच्या हातचं जेवत होतो, पण तिच्याकडे बघून बोलणं मला जमत नव्हतं.

यंदा नवमीला वहिनीनं सांगितलं म्हणून सकाळी ट्रक धुतला आणि कामावर निघालो. दुपारी त्याच रस्त्यावर मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न देऊन देऊन मला थांबवलं. डावं पुढचं चाक तापून जळका वास येत होता. पिकल्या मिशांच्या त्या ड्रायव्हरनं न विचारताच जॅक लावला. चाकाचं हब उघडलं तर आत धुतानाचं पाणी शिरलेलं, ग्रीस ताकासारखं पांढरं. बेरिंग तेवढं वाचलं होतं. त्यानं ते डिझेलनं धुतलं आणि आपल्या पेटीतून एक अवजार काढलं. तबकडीवर वाकडातिकडा त्रिशूळ होता.

कुठून आणलं, एवढंच मी कसंबसं विचारलं.

"इथच्याच लाइनीत एका ड्रायव्हरनं बनवून देल्लं, लय साल झाले. म्हणे, याले पूजेत नको ठेवू, चाकाले लाव. नवमीले गाडी धुतली का याचंच काम असते."

मी रस्त्याच्या कडेला बसून रडलो. भावानं हे परक्याला सांगितलं होतं. कदाचित मलाही सांगितलं असेल आणि मी हसण्यावारी नेलं असेल. दोन वर्षं ज्या देवीला बोल लावला तिनं काही मागितलंच नव्हतं. त्या माणसानं ग्रीस भरलं, नट आवळले, हात पुसले आणि निघून गेला. नाव विचारायचं राहिलं.

घरी येऊन वहिनीला सगळं सांगितलं. हो म्हणूनही मी ग्रीस भरलं नव्हतं. तिनं ताटात पोळी वाढली.

"मले मालूम होतं, भाऊजी. त्या सकाळी ते गेल्यावर मी दिवा लावाले गेली, तवा ते अवजार पाटावरच होतं. त्यावरचं कुंकूही हाललं नव्हतं."

म्हणजे हे माहीत असून ती दोन वर्षं मला रोज वाढत होती. क्षमा केली असं ती म्हणाली नाही, मीही विचारलं नाही.

दसऱ्याला देवळात गेलो. त्या माणसाला पाठवलंस म्हणून आभार मानले. दोन वर्षं उशिरा का, हे विचारायला मला तोंड नव्हतं. तोवर मी मनात देवीपुढे तक्रारच घेऊन उभा होतो. त्या दिवशी पहिल्यांदा माझी चूक घेऊन उभा राहिलो आणि तिथंच वाकलो. वाकल्यानं भाऊ परत येत नाही.

अवजार माळ्यावरून काढलंय. त्रिशुळाच्या खाचांत तेव्हाचं कुंकू आहे. ग्रीस भरताना ते बोटाला लागतं.