सीटखालची छोटी बॅग

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. राजूर घाटात माझ्या मित्राची साखर एकदम उतरली, तेव्हा त्याची ग्लुकोजची पुडी माझ्या घरी खिडकीत पडलेली होती. ती तिथं मीच ठेवली होती.

आम्ही दोघं एकाच शाळेत मास्तर. पन्नाशीच्या तोंडावर त्याला शुगर निघाली, माझं पोट सुटलं. म्हणून रविवारी सायकली काढायला लागलो. बुलढाण्याहून घाट उतरायचा, मोताळ्याला चहा, मग घाट चढून परत. दोघांत बॅग एकच, ती मागच्याच्या सायकलला. पुढचा कुठं अडला तर सामान मागून येतंच, असा त्याचा हिशेब. मागं कायम मी.

जुनी बॅग फाटली तेव्हा दुकानात दोनच होत्या. एक मोठी, दोन पट्ट्यांची, डबासुद्धा मावेल अशी. दुसरी काळी, निमुळती, सीटखाली चपखल बसणारी.

"मोठी घे," तो म्हणाला.

"मांडीले घासते ना बे."

"काऊन? नवरीची मांडी हाय का तुही?"

दुकानदार हसला. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. छोटीच घेतली.

शनिवारी भरायला बसलो. ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंक्चरचं सामान, पाना, आणि आदल्या दिवशी शाळेत त्यानं माझ्या हातात ठेवलेली पुडी. बॅगेची चेन लागेना. पुडी काढली, लागली. सकाळी खिशात टाकू म्हटलं.

आठवण झाली ती अर्धा घाट उतरल्यावर. सांगितलं असतं, तर मोठीच घ्यायला हवी होती हे कबूल करावं लागलं असतं. मोताळ्यात दुकानं उघडी होती. तिथंही काही घेतलं नाही. घेतलं असतं तर त्यानं विचारलं असतं. चहा तो बिनसाखरेचा पितो, हेही मला माहीत होतं.

परतीच्या चढावर माझी नजर त्याच्या पाठीवरून हलत नव्हती. एका वळणावर त्याची सायकल डुलायला लागली. उतरून तो कठड्याला टेकला. शर्ट ओलाचिंब, बोटं थरथरत होती.

"पुडी दे बे. लवकर."

मी चेन उघडली. नाही हे ठाऊक असून एकेक वस्तू बाहेर काढली. मग म्हणालो, "तू देल्लीच कुठं?"

"नाही देल्ली? इसरलो असन मंग..." जीभ जड झाली होती. बोलता बोलता तो खाली घसरला.

खालून जीप आली. मी रस्त्यात आडवा झालो. आतल्या बाईनं काही न विचारता लेकीच्या हातातली सरबताची बाटली काढून दिली. "पिलाओ भाई, थोडा थोडा."

तो वाचला. पण सायकल त्यानं सोडली. आता शाळेतून घरी फोन लावून विचारतो, गॅस बंद हाय ना? दहावीच्या परीक्षेचं काम कायम त्याच्याकडं असे. यंदा आपणहून नको म्हणाला. "डोक्सं काम नाही करून राह्यलं माह्यं," म्हणतो. मी ऐकून घेतो.

त्याचं डोकं ठीक आहे. पुडी त्यानं दिली होती, बॅगेतून काढली मी, आणि घाटात खोटंही मीच बोललो. त्याच्यासमोर बसून हे एवढं सांगणं मी अजून त्याला देणं लागतो.