संध्याकाळचं दुखणं

माझ्या आईचं दुखणं संध्याकाळचं आणि दवाखाना सकाळचा. खरं तर सगळी गोष्ट एवढीच आहे. पण या एवढ्याशा गोष्टीत एका बाईचं अर्धं आयुष्य कसं गेलं ते मी जवळून पाहिलं आहे, आणि आठवलं की अजून डोकं भणभणतं.

आमचं गाव चंद्रपूर जिल्ह्यातल्या सावलीकडचं, वैनगंगेच्या बाजूला. धानाचा मुलूख. रोवणा सुरू झाला की गावातल्या बाया दिवसभर बांधीच्या चिखलात कमरेतून वाकून, मागे मागे सरकत पऱ्हे, म्हणजे धानाची रोपं, लावतात. रोवण्यात आईचा हात सगळ्यांत चलाख. मी तिचं शेंडेफळ. माझा जन्म आषाढातला, आणि ओली बाळंतीण असतानाच ती बांधीत उतरली, कारण धान कोणाच्या बाळंतपणासाठी थांबत नाही. त्याच पावसाळ्यात तिचं अंग बाहेर यायला लागलं. गर्भपिशवी खाली सरकते आणि बाहेर येते, त्याला आमच्याकडे असं म्हणतात. म्हणतात म्हणजे कुजबुजतात.

हे मला कळलं ते माझं लग्न होऊन दोन पोरं झाल्यावर. घरात एक लग्न होतं. आईच्या बरोबरीच्या बाया नऊवारी सोडून गोल साडीवर आल्या होत्या, आई मात्र काष्टा सोडायला तयार नव्हती. मी चंद्रपूरहून तिच्यासाठी मोरपिशी गोल साडी आणली. तिनं ती हातात घेतली, पदरावरून हात फिरवला आणि परत पिशवीत घातली. मला वाटलं, म्हातारीचा हट्ट. मी मागेच लागले तेव्हा तिनं चुलीपुढे बसून, माझ्याकडे न बघता सांगितलं.

"गोल साडीत राहत नाई वं माहं आंग. काष्ट्यानं राहते."

लुगड्याच्या आत ती जुन्या कापडाचा लंगोट आवळत होती आणि त्यावर काष्टा. इतकी वर्षं ती त्या कापडाच्या जिवावर उभी होती. लग्नाच्या पंगतीत ती कडेला का बसते, पाणी इतकं कमी का पिते, हसताना मध्येच तोंड मिटून ताठ का होते, ते मला त्या दिवशी एकदम कळलं. खोकला, हसू, शिंक, कशानंही लघवी निसटायची. माझी चलाख आई स्वतःच्या वासाला भिऊन माणसांतून उठून गेली होती. तिला एवढंच हवं होतं की एकदा ऑपरेशन व्हावं आणि चारचौघींत मांडी घालून बसता यावं.

मी म्हटलं, चल दवाखान्यात. कोणता दवाखाना ते सांगत नाही. एकाचं नाव घेतलं तर सगळं खापर त्याच्यावर फुटेल आणि बाकीचे सुटतील.

पहिल्यांदा गेलो तेव्हा आईनं पहाटे डोक्यावरून अंघोळ केली. ठेवणीतलं लुगडं नेसली. निघायच्या आधी आडोशाला जाऊन, जे बाहेर आलं होतं ते हातानं आत सारून, लंगोट कचकचून आवळून आली. डॉक्टरांपुढे जायचं म्हणजे नीटनेटकं जायचं, देवळात जावं तसं. एसटीत बसून, रांगेत बसून अंगाला आराम मिळाला तो वेगळाच. तपासायच्या टेबलावर आडवी झाली तेव्हा सगळं जागच्या जागी होतं.

"खोका आजी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शिकून झाल्यावरच्या सक्तीच्या नोकरीचा सरकारी बाँड पुरा करायला आलेली तरुण पोरगी होती, बाहेर पोटुशा बायांची ही रांग.

आई खोकली. कशी खोकली? सासऱ्यापुढे खोकावं तशी. पदराआड, घशातल्या घशात. जोरात खोकलं असतं तर त्या पांढऱ्या चादरीवर लघवी झाली असती. जन्मभर स्वतःला धरून ठेवलेली बाई, तिला कोणी सोड म्हटलं म्हणून सोडता येतं का?

"थोडंसंच आहे. व्यायाम सांगते, तो करा." कागदावर कॅल्शियमच्या गोळ्या लिहिल्या. पुढची आत आली.

मी आईला बाकावर बसवून परत आत गेले. म्हटलं, मॅडम, हे सकाळी दिसत नाही, दिवसभर काम केल्यावर संध्याकाळी बाहेर येतं.

"मग संध्याकाळी आणा."

"संध्याकाळी ओपीडी बंद असते."

"इमर्जन्सी असते ना."

"ही इमर्जन्सी आहे का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. उद्धट नव्हती पोरगी, थकलेली होती. "नाही," म्हणाली. तिचंही खरंच होतं, म्हणून तर जास्त चीड आली. मला आठवतं, बाहेर भिंतीवर गुटगुटीत बाळाचं चित्र रंगवलं होतं. आमच्याकडे पोटात पोर असलं की सरकारची गाडी दारात येते, आशाताई हाताला धरून नेते. पोर बाहेर निघालं की ते ज्या पिशवीत वाढलं तिला कोणी कुत्रं विचारत नाही.

घरी येताना आई म्हणाली, "तिचं काय चुकलं? तिले दिसलंच नाई."

पुढच्या रोवण्यात मी ठरवलं की यांना दाखवूनच सोडायचं. आईला म्हटलं, उद्या उजाडताच बांधीत उतर, आणि तशीच चल. लंगोट नको, अंघोळ नको. ती माझ्याकडे अशी बघत राहिली की जणू मी तिला उघडं नाचायला सांगत होते. पण आली. अर्धी सकाळ पऱ्हे लावले, शेताच्या कडेच्या धुऱ्यावरच्या डबक्यात पाय बुडवले आणि एसटीत चढली. गाडी रिकामी होती. कंडक्टर म्हणाला, "बाई, जागा हाये, बसा ना." आई बसली नाही. बसलं तर आत जाईल या भीतीनं ती दांड्याला धरून उभी राहिली, ओठ घट्ट मिटून, घामानं निथळत. मी शेजारी उभी. रिकाम्या गाडीत उभ्या असलेल्या आम्ही दोघी मायलेकी, बघणाऱ्याला बह्याडच वाटलो असू.

दवाखान्यात सिस्टर ओरडली. "शेतातून उठून आल्या का? अंघोळ करून यायचं कळत नाही? टेबल घाण केलं सारं." आईनं चिखलाचे पाय एकमेकांवर चढवून लपवले. तिचा तो चेहरा आठवला की आजही त्या सिस्टरला चार शब्द सुनावावेसे वाटतात. पण या वेळी डॉक्टर नवी होती, कारण जुनीचा बाँड संपला होता, आणि या नवीनं पाहिल्या पाहिल्या म्हटलं, "अरे बापरे. हे किती दिवसांपासून आहे?"

आईनं माझ्याकडे बोट केलं. "हिच्या येळपासून."

ऑपरेशन करावं लागेल, दिवाळीनंतर तारीख देते, असं ठरलं. परत येताना आई एसटीत खिडकीशी बसली होती, आणि तिला इतकी खूश मी क्वचितच पाहिली असेल. "दिसलं तिले," ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. "दिसलं बाई." एखाद्याला आपलं दुखणं दिसलं याचा इतका आनंद व्हावा, ही काय आनंदाची गोष्ट आहे? दुसऱ्या दिवशी बांधीत तिनं बायांना सांगितलं. तेव्हा कळलं की धुऱ्यावरच्या कितीतरी जणी लंगोट आवळून रोवणा करतात. सगळ्या म्हणाल्या, तुह्यं होऊ दे, मग आमी बी जातो.

तारखेला आई रात्रीपासून उपाशी. ऑपरेशनआधी पाण्याचा थेंबही नाही. दवाखान्याचा हिरवा झगा घालून ती खाटेवर बसली. दुपारी कळलं की भूल देणारे डॉक्टर आज दुसऱ्या दवाखान्यात आहेत. एकच माणूस, दोन-तीन तालुक्यांनी वाटून घेतलेला. पुढची तारीख. पुन्हा उपास. त्या दिवशी भूल देणारे होते, पण जंगलाकडच्या गावातून अडलेली पोरगी आणली, तिचं सिझर आधी. त्या पोरीशी माझं भांडण नाही, तिचं आधीच व्हायला हवं होतं. नंतर एकदा रक्त कमी निघालं, लोहाच्या गोळ्या खाऊन या म्हणाले. गोळ्या खाऊन गेलो तर डॉक्टरचा बाँड संपलेला, नवी पोरगी, "खोका आजी."

असं किती वेळा झालं ते मोजायचं मी सोडून दिलं. दर वेळी आई उपाशी जायची आणि उपाशी परत यायची. फाटकाबाहेरच्या टपरीवर मी तिला आलूबोंडा द्यायचे, ती दोन घास खाऊन बाकीचा कागदात गुंडाळून नातवासाठी ठेवायची. मी डॉक्टरांना, कारकुनाला, सिस्टरला जे तोंडाला येईल ते बोलायचे, आणि आई माझा पदर ओढायची. "काऊन भांडते वं? त्यायच्या हातात काय हाये?" त्यायच्या हातात नव्हतं, मग कोणाच्या हातात होतं, ते मला अजून कोणी सांगितलेलं नाही.

मध्ये वर्षं गेली. आईला धाप लागायला लागली, पाय सुजायला लागले. शेवटी मी तिला मोठ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे भूल देणारे रोज असतात. फोटो काढले, छातीची ईसीजीची पट्टी काढली. मोठे डॉक्टर आले, कागद पाहिले, आणि चष्मा कपाळावर चढवून म्हणाले की हृदय फार अशक्त आहे, भूल सोसणार नाही, टेबलावरच काही झालं तर कोण जबाबदार. मग माझ्याकडे वळून, खरोखरच्या कळकळीनं म्हणाले, "इतकी वर्षं काय करत होता तुम्ही लोक? आधी का नाही आलात?"

मी तोंड उघडलं, पण आईनं माझं मनगट धरलं. तिनं मान वर केली आणि अगदी आदरानं, चूक दुरुस्त करावी तसं म्हणाली:

"येऊन राह्यलो होतो जी."

डॉक्टरांना ते ऐकू गेलं की नाही कोण जाणे. पिशवी वर धरून ठेवायला आत बसवायची एक रबरी रिंग त्यांनी दिली. गावी आल्यावर आई पहिल्यांदा उकिडवी बसली तशी ती निसटून पडली. तिनं ती धुऊन फडताळात ठेवली. अजून तिथेच आहे.

आईही अजून आहे. आता रोवण्याला जात नाही. ओसरीत लाकडी खुर्चीवर बसते. गावात ऑपरेशनचं कोणी विचारत नाही, कारण तिचं झालं नाही एवढं सगळ्यांना समजलं, आणि त्या बायांपैकी एकीनंही मग दवाखान्याचं नाव काढलं नाही.

या पावसाळ्यात मी गावी गेले होते. सांजवेळी शेजारची सून आली. दुसऱ्या बाळंतपणाला तिला गाडी न्यायला आली होती, गाडीच सोडायला आली होती, सगळं कसं चांगलं झालं म्हणून घरचे सांगत होते. पोर अजून अंगावर पीत होतं आणि ती रोवणा करून आली होती. आईपाशी खाली बसली. मग हळूच म्हणाली, "मावशी, माह्यं आंग भायेर येऊन राह्यलं."

आईनं तिच्या डोक्यावर हात ठेवला. आणि मग जसं रोवण्याचं काम शिकवावं तसं शिकवायला बसली.

"सकाळी अंघोळ करून जाऊ नको. तुले काईच नाई म्हणतीन. रोवणा करून तशीच जाजो. गाडीत बसू नको, उभी राह्यजो. खोक म्हणलं तं जोरानं खोकजो. मुतलं तं मुतलं, लाजू नको. सिस्टर बोलन, बोलू दे."

"मंग होते का वं मावशी आपरेशन?"

आईनं माझ्याकडे पाहिलं. मी त्या पोरीच्या तोंडाकडे पाहिलं.

"होते ना," आई म्हणाली. "काऊन नाई होत? जाजो तू."

मग तिनं मला आतून तिची पेटी आणायला लावली. तळाशी ती मोरपिशी साडी होती, कधीच न नेसलेली, घडी न मोडलेली. आईनं तिचं टोक दातानं उसवलं आणि टरकन फाडायला घेतली, लंगोटासाठी, ऑपरेशन होईपर्यंत म्हणून. एक पट्टी, दुसरी पट्टी, आणखी एक. मी म्हटलं, माय, पुरे झालं. ती थांबली नाही. तोंडानं ती त्या पोरीला होते, होते म्हणत होती आणि हातानं तिनं अख्खी साडी फाडून दिली.