प्यायच्या पाण्यात चादरी

त्या वर्षी मी माणसांच्या डोळ्यांकडे बघायला लागले. एरवी माझी मान खालीच असायची. नळावर चार बायका बोलत असल्या की मी आपली हंड्याच्या काठाकडे बघत उभी राहायचे. लग्न होऊन घाटकोपरच्या डोंगरावर आले त्याला काही वर्षं झाली होती, तरी शेजारणींना माझा आवाज नीट माहीत नव्हता. पण चाळीत कावीळ आली आणि मला ती सवय लागली. कुणी दारात आलं की आधी त्याच्या डोळ्यातलं पांढरं बघायचं, मग नखं.

घरात नणंद होती, पहिलटकरीण. मालाडला दिलेली, सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी माहेरी आली होती. वयाने माझ्याएवढीच, पण मी तिला ताई म्हणायचे. तिला दवाखान्यात न्यायचं काम माझ्याकडे होतं. यांना कारखान्यातून सुट्टी मिळायची नाही, सासूबाईंना गुडघ्यांमुळे डोंगर उतरवत नसे, आणि मामंजी गिरणी बंद पडल्यापासून गावीच जाऊन राहिले होते.

डॉक्टरीणबाईंनी ताईला तपासलं. ताई पडद्यामागे साडी सारखी करत होती तेव्हा त्या मला हळू आवाजात म्हणाल्या, "तुमच्या चाळीत कावीळ आहे ना? हिला उकळलेलंच पाणी द्या. या दिवसांत कावीळ झाली तर कधी कधी बाई हाती लागत नाही."

मी मान डोलावली. वाटेत ताई कैरीची चौकशी करत होती आणि मला काही ऐकू येत नव्हतं. तिला मी काहीच सांगितलं नाही. यांना सांगितलं तर म्हणाले, "मग उकळ की." सासूबाईंना सांगितलं तर त्या तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "उकळलेला पाणी दुखणेकऱ्याक. माझ्या चेडवाक काय झाला हा?" लेक त्यांना ठणठणीत दिसत होती.

आमचं पाणी दुपारी यायचं, खालच्या नळाला, तासभर. सासूबाईंचा नियम होता की नवीन पाणी आलं की कालचं ओतून टाकायचं. कळशी चिंचेने घासायची, हंडा राखेने, आणि मग ताजं भरायचं. "शिळा पाणी माझ्या घरात कोण पिवचा नाय," असं त्या सांगायच्या. त्या एकट्याच अशा होत्या असं नाही. सगळी चाळ तेच करायची. पाणी यायची वेळ झाली की घरोघरच्या मोऱ्यांतून चांगलं पाणी खळाखळा गटारात जायचं, आणि त्यानंतर त्याच बायका एका कळशीवरून नळावर भांडायच्या.

माझ्या माहेरी उलट होतं. आमची विहीर खाली व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, कडेला. पावसात तिचं पाणी तांबडं व्हायचं, म्हणून आई दोन हंडे आधीच भरून कोपऱ्यात झाकून ठेवायची. त्यांना कुणी धक्का लावला तर ओरडायची. पाणी निवळू द्यायचं, वरचं हलक्या हाताने काढायचं, जुन्या धोतराच्या चार पदरांतून गाळायचं आणि चुलीवर उकळायचं. लाकडं रानातली, त्यामुळे उकळायला पैसे पडत नसत. घरात दोन दिवसांचं पाणी नसलं तर आईला झोप यायची नाही. ती झोप न येणं बहुतेक मी तिच्याकडूनच घेतलं.

इथे स्टोव्ह होता आणि रॉकेल रेशनवर. मी रोज एक टोप उकळायला लागले, रॉकेल पुरेल तेवढंच. ताईने पहिला घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

"वहिनी, ह्याला धुराचा वास येतो गं. आणि कोमट. डोहाळे गेलेत आता, परत उलटी करवतेस का?"

पाणी रात्रभर ठेवलं की थंड व्हायचं, वासही जायचा. दुसऱ्या दिवशी तेच पाणी ती बिनतक्रार प्यायची. पण दुसऱ्या दिवशी दुपारी ते शिळं ठरायचं. मग मी ते घट्ट झाकणाच्या डब्यांत भरून कॉटखाली, ट्रंकेच्या मागे ठेवायला लागले. आधी एक डबा होता, मग दोन झाले. त्यानंतर तेलाचा एक जुना कॅन मिळाला, तो सोड्याने तीनदा धुतला. एवढं पुरे म्हणायचे आणि परत वाटायचं, आणखी एखादा असता तर बरं. रात्री कूस बदलली की हात कॉटखाली जायचा आणि झाकण घट्ट आहे ना ते चाचपून यायचा.

समोरच्या खोलीतल्या तरण्या मुलाला कावीळ झाली. त्याच्या डोक्यावर कुणीतरी मुळ्यांची माळ घातली होती. ती जसजशी लांबत खाली उतरेल तशी कावीळ उतरेल म्हणायचे. माळ गळ्यापर्यंत आली तरी त्याचे डोळे हळदीत बुडवल्यासारखेच. मी ताईला त्यांच्या दारावरून जाऊ द्यायचे नाही. सकाळी तिची वेणी घालायला मुद्दाम उंबऱ्यावर बसवायचे, उजेडाकडे तोंड करून.

"वहिनी, काय बघतेस सारखी? काजळ पसरलंय का?"

"हो, थोडं." आणि मी पदराच्या टोकाने नसलेलं काजळ पुसायचे.

मग एक दिवस नळाला पाणी आलं नाही. खाली रस्त्यावर खणताना पाईप फुटला अशी बातमी आली. दुसऱ्या दिवशीही नाही. डोंगराच्या पायथ्याशी टँकर उभा राहिला, पण ते पाणी मचूळ, धुण्याभांड्याला ठीक. घराघरांत प्यायच्या पाण्याची वाट लागली. मी कॉटखालून डबे काढले.

"ह्या खयसून इला?" सासूबाईंनी विचारलं.

"भरून ठेवलं होतं."

त्यांनी डब्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि तांब्या भरून प्यायल्या. त्या दिवसांत पाण्याचं वय कुणी विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी मी रॉकेलला गेले. रॉकेल आलंच नव्हतं. रिकामा डबा घेऊन परत येताना खणलेल्या जागेपाशी थांबले. दोन माणसं चरात उभी होती, गुडघ्यापर्यंत गटाराचं काळं पाणी. कापलेल्या पाईपचं तोंड त्या पाण्याच्या खाली होतं. एकजण त्यावर पाय ठेवून बिडी पेटवत होता.

"बाई, बाजूला व्हा, माती ढासळते."

मी अनोळखी पुरुषाशी कधी बोलले नव्हते. त्या दिवशी बोलले. "पाणी कधी येणार?"

"येईल आज. जोडतोय ना."

"पाईप आतून धुणार ना?"

दुसरा हसला. "पाणी सुटलं की आपोआप धुतला जातो. तुम्ही काय साबण देताय का?"

मी डोंगर चढले तो धावतच. काय करायचं ते ठरत नव्हतं. स्टोव्हमध्ये रात्रीच्या भातापुरतं रॉकेल होतं, तेवढ्यात एक टोपही उकळला नसता. कॉटखाली एक डबा आणि कॅन भरलेला होता, दुसऱ्या डब्यात अर्धं. ताईला तेवढं जपून पुरलं असतं.

उन्हं कलायच्या सुमाराला पाणी आलं. खालून ओरडा झाला आणि सगळ्या बायका भांडी घेऊन धावल्या. मी पण गेले. घरात भांडीकुंडी, आंघोळ, कशालाच पाणी नव्हतं. आधी तांबूस पाणी आलं, ते सगळ्यांनी सोडून दिलं. मग स्वच्छ आलं. मी दोन हंडे भरून वर आणले तेव्हा सासूबाई दारात उभ्या होत्या आणि शेजारच्या दोघीतिघी आमच्याच ओट्यावर दम खात बसल्या होत्या. ताई आत कॉटवर होती.

"आधी ते शिळे डबे वत," सासूबाई म्हणाल्या. "कळशी घास, मगे भर."

"वहिनी, ताजं दे गं मला," ताईने पेला पुढे केला. "ते उकळलेलं पिऊन पिऊन जिभेची चव गेली."

मी म्हटलं, "आई, पाईप गटारात होता."

"काय?"

"मी बघितला. तोंड पाण्याखाली होतं."

"गटार खय, पाईप खय." त्यांनी हंड्यातून तांब्या भरला आणि दाराच्या उजेडात धरला. "बघ. काचेसारखा हा."

पाणी खरंच काचेसारखं होतं. मी वास घेतला. काहीतरी होता, किंवा मलाच वाटत होता. ओट्यावरच्या बायका बोलायच्या थांबून ऐकत होत्या. डॉक्टरीणबाईंचे शब्द ताईसमोर उच्चारायचे कसे? आणि ते न उच्चारता बाकी सगळं म्हणजे सुनेचा हट्ट. तोपर्यंत सासूबाईंनी एक डबा उचलून मोरीत कलता केला होता. भरलेलाच होता तो. पाणी खळाखळा गटारात गेलं. त्यांनी तो उपडा ठेवला आणि कॅनकडे हात नेला.

मी कॉटच्या वर दोरीला टांगलेल्या दोन्ही चादरी ओढल्या. एक एका हंड्यात कोंबली, दुसरी दुसऱ्यात. वर धुण्याच्या पावडरची मूठ-मूठ टाकली आणि कोपरापर्यंत हात घालून घोळलं. तांब्यातलं पाणीही त्यातच ओतलं.

ओट्यावरून आवाज आला, "अगं बाई, प्यायच्या पाण्यात चादरी? राणीसाहेबांनी घरात नळ घेतला वाटतं."

"तीन दिवसांनी पाणी आलंय, आणि हिची धुणी आधी," दुसरी म्हणाली.

"येड लागला काय गो तुका?" सासूबाईंचा हात कॅनवर तसाच होता.

मला एकच वाक्य सुचलं. "चादरी मळल्या होत्या."

खाली नळ बंद झाला होता; प्यायला आता कॉटखालचं पाणीच उरलं होतं. सासूबाई उभ्या राहिल्या, ओट्यावरून उठून जाणाऱ्या बायकांच्या पाठीकडे बघत राहिल्या, आणि कॅन सोडून आत जाऊन बसल्या. त्या रात्री त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. हे घरी आले, त्यांना आधी शेजारणीकडून कळलं होतं. "काय गं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चादरी मळल्या होत्या. त्यांनी दोरीवरच्या चादरींकडे बघितलं. "आता स्वच्छ झाल्या ना?" म्हणाले आणि पाटावर बसले.

दुसऱ्या दिवशी रॉकेल आलं आणि मी पहिल्या धारेपासून उकळायला सुरुवात केली. पण माझा जीव थाऱ्यावर येईना. कावीळ अंगात शिरली तरी दिसायला आठवडे लागतात, असं डॉक्टरीणबाईंनी पुढच्या खेपेला सांगितलं. म्हणजे चादरींच्या दिवशी काही संपलं नव्हतं, वाट बघणं तिथून सुरू झालं. त्या तांब्यातून ताईने एखादा घोट आधीच घेतला होता का, मी नळावर असताना कुणी वरच्या घरातून पेलाभर दिला होता का, हेच मी घोळवत बसायचे. चाळीत आणखी दोघांना कावीळ झाली. त्या पाण्याने झाली की आधीचीच होती, कोण सांगणार. मलाही माहीत नाही.

एका सकाळी ताईला उलटी झाली. जेवण नको म्हणाली. मी तिला हाताला धरून उंबऱ्यावर आणलं आणि बोटाने तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली. तिने माझा हात बाजूला केला.

"आता सांग. काय शोधतेस तू रोज?"

मी सगळं सांगितलं, दवाखान्यातलं, चरातलं, डब्यांचं. ती पोटावर हात ठेवून ऐकत राहिली.

"आणि आईने डबा ओतला तेव्हा तू चादरी भिजवल्यास. तोंडाने सांगायचं ना."

"सांगून हंडा तसाच भरलेला राहिला असता."

ती एवढी हसली की पोट धरावं लागलं. उलटी रात्रीच्या वाटाण्यांची निघाली. पण त्या दिवसापासून तिने उकळलेल्या पाण्याला नाव ठेवलं नाही, आणि सासूबाई मोरीकडे वळल्या की कॉटवरून म्हणायची, "आई, ते माझं हां. राहू दे." लेकीच्या तोंडून आलं म्हणून ते राहायचं.

ती म्युन्सिपालटीच्या प्रसूतिगृहात बाळंत झाली. मुलगी झाली. कळा लागल्या तेव्हा हे टॅक्सी बघून आले आणि सासूबाई गुडघ्यांसकट डोंगर उतरल्या. मी मागाहून डबा आणि पाण्याची बाटली घेऊन पोचले. ताई निपचित पडली होती, ओठ सुकलेले. "पाणी," म्हणाली.

सासूबाईंनी माझ्या हातातून बाटली घेतली. झाकण काढलं, नाकाशी नेली. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "ह्या कालचा मां?"

"हो आई. कालचंच."

त्यांनी तिच्या मानेखाली हात घातला आणि बाटली तोंडाला लावली. थोडं पाणी कानामागे ओघळलं, बाकी ती सगळं प्यायली. डॉक्टर येऊन गेले, आईमुलगी दोघी ठीक आहेत म्हणाले. मी बाहेर बाकावर जाऊन बसले आणि तिथेच माझा डोळा लागला. जागी झाले तेव्हा नळाची वेळ टळून गेली होती. घरी कालचं पाणी शिल्लक होतं. मी उठायची घाई केली नाही.